आद्रिया : समुद्राला नाव देणारं एट्रस्कन बंदर कसं पाहावं

इटलीच्या नकाशावर व्हेनिस सापडलं की बोट थोडं दक्षिणेकडे सरकवा. पो नदी समुद्राला मिळते तिथे जमीन पंजासारखी समुद्रात घुसलेली दिसेल. त्या पंजाच्या मनगटाशी, किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत, आद्रिया नावाचं छोटं गाव आहे. वस्ती वीस हजारांच्या आसपास. इटलीच्या पूर्वेच्या अख्ख्या समुद्राला एड्रियाटिक हे नाव या गावावरून पडलं. रोमन लेखक प्लिनी सांगतो की हे एट्रस्कनांचं, म्हणजे रोमनांच्या आधी इटलीत नांदलेल्या लोकांचं, नामांकित बंदर होतं आणि समुद्राचं नाव त्याचंच. रोमन इतिहासकार लिव्हीही तेच सांगतो. आज मात्र गावाच्या कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं तरी समुद्र दिसत नाही.

इथे जाऊन पडके धक्के, बंदराची भिंत असलं काही शोधाल तर निराशा होईल. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातलं बंदर नदीच्या गाळाखाली काही मीटर खोल गाडलं गेलंय. म्हणून या गावाची सहल वेगळ्या पद्धतीने आखावी लागते. आधी म्युझियममध्ये बंदर पाहायचं आणि मग समुद्र ज्या वाटेने मागे हटला त्याच वाटेने त्याच्या मागे मागे जायचं. दोन दिवस लागतात, तिसरा मिळाला तर सोनं. खालची आखणी त्या क्रमाने आहे.

निघण्याआधी : नकाशावर चार रेषा

ही पायरी गाळू नका. घरीच अर्धा तास काढून फोनमधल्या उपग्रहाच्या नकाशावर चार गोष्टी शोधून ठेवा.

पहिली, जुना किनारा. पोर्तो व्हिरो आणि आरियानो नेल पोलेझिने या दोन गावांवरून उत्तर-दक्षिण रेषा मनात ओढा. एट्रस्कन काळात साधारण तिथवर समुद्र होता. त्या रेषेवर वाळूच्या जुन्या टेकड्या अजून तुकड्यातुकड्यांनी उरल्या आहेत. म्हणजे आद्रिया तेव्हाही थेट लाटांवर नव्हतं. नदीच्या फाट्यातून, खाड्या आणि दलदलीतून गलबतं आत यायची. सोपारा आठवा. ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं आपलं हे बंदरही खाडीच्या आत होतं आणि खाडी गाळाने भरल्यावर मागे पडलं. आद्रियाचं दुखणं त्याच जातीचं.

दुसरी, व्हिया पोपिलिया. रिमिनीहून किनाऱ्याकिनाऱ्याने वर आद्रियाकडे येणारा रोमन रस्ता, इसवी सनापूर्वी १३२ चा.

तिसरी, कनाल बियांको हा कालवा. आडिजे आणि पो या दोन मोठ्या नद्यांच्या मधून तो पूर्वेकडे वाहतो आणि आद्रियाला लागून जातो. दोन नद्यांमधल्या या सगळ्या सखल मुलखाला पोलेझिने म्हणतात.

चौथी रेषा सगळ्यात महत्त्वाची. पोर्तो व्हिरोजवळ पो नदी एकदम दक्षिणेकडे वळते. ते वळण निसर्गाचं नाही. पोच्या गाळाने आपली खाडी भरेल या भीतीने व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १६०० ते १६०४ या काळात नवा पाट खणून नदीच वळवली. व्हेनिस वाचलं. नदीने मग आपला सगळा गाळ नव्या जागी ओतायला सुरुवात केली आणि आज दिसतो तो पंजा तयार झाला. शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हा आजच्या पोर्तो तोल्ले परिसरातली बरीचशी शेतजमीन अजून पाण्याखाली होती, असं धरलं की वेग लक्षात येतो.

एक इशारा इथेच. तिकीट काढताना आद्रिया आणि आत्री यांत घोळ करू नका. आत्री हे आब्रुत्सो प्रांतातलं, बरंच दक्षिणेला असलेलं वेगळं गाव. हेड्रियन या रोमन सम्राटाचं घराणं मूळचं त्या आत्रीचं. दोन्ही गावांची जुनी लॅटिन नावं एकच असल्यामुळे पुस्तकांतही सरमिसळ होते.

केव्हा जावं, कसं पोचावं

एप्रिल ते जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये डास अक्षरशः फोडून काढतात; हा एके काळचा मलेरियाचा मुलूख आहे. मलेरिया गेला, डास राहिले. अंगभर कपडे आणि डासांचं मलम घ्याच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धुकं इतकं दाट असतं की नदीच्या बांधावर उभं राहून नदी दिसत नाही. गावाचं ते रूपही सुंदर आहे, पण पहिल्या भेटीसाठी नको.

रेल्वेने दोन वाटा आहेत. व्हेनिसच्या मेस्त्रे स्टेशनवरून आद्रियापर्यंत थेट छोटी लाइन येते. गाडी शेतांमधून रमतगमत जाते, सव्वा-दीड तास धरा. दुसरी वाट रोविगोवरून. पादुआ-बोलोन्या या मुख्य मार्गावर रोविगोला उतरून कियोज्जाकडे जाणारी गाडी पकडायची, तिथून अर्ध्या तासाच्या आसपास आद्रिया. बोलोन्या किंवा फ्लॉरेन्सहून येणाऱ्यांना ही सोयीची. दोन्ही मार्गांवर गाड्या मोजक्याच असतात आणि रविवारी आणखी कमी. म्हणून जायच्या गाडीआधी परतीची गाडी पाहा. छापील तिकीट घेतलं तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का उमटवावा लागतो. आपल्याकडे ही पद्धत नसल्याने हे हमखास विसरतं आणि तिकीट असूनही दंड भरावा लागतो.

पहिल्या दिवसाला गाडी लागत नाही, सगळं चालत होतं. दुसऱ्या दिवसासाठी मात्र भाड्याची कार किंवा चांगली सायकल हवी. त्रिभुज प्रदेशात बसच्या भरवशावर फिरणं जमत नाही.

पहिला दिवस, सकाळ : म्युझियम

स्टेशनवरून पंधरा-वीस मिनिटं चाललं की राष्ट्रीय पुरातत्त्व म्युझियम येतं. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आदल्या दिवशी तपासा. महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतली सरकारी म्युझियमं विनामूल्य असतात, हेही त्यातच येतं. पूर्ण सकाळ द्या. एका तासात उरकायची ही जागा नव्हे.

या संग्रहाचा पाया बोक्की नावाच्या स्थानिक घराण्याने अठराव्या शतकात घातला. शेतात, पाया खणताना, कालवा खोदताना जे जे निघालं ते या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलं आणि त्याच्या नोंदी ठेवल्या. गावच्या मातीतलं गावातच राहिलं, व्हेनिसला किंवा रोमला गेलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

पाहण्याचा क्रम मी असा सुचवेन.

आधी ग्रीक मडकी. अथेन्सहून आलेली, लाल मातीवर काळी चित्रं काढलेली आणि नंतरची, काळ्यावर लाल चित्रं सोडलेली. अखंड मडक्यांपाशी सगळेच थांबतात. तुम्ही फुटक्या तुकड्यांच्या कपाटापाशी जास्त थांबा, कारण बंदर तिथे आहे. तळहातावर मावेल एवढा पेल्याचा तुकडा, त्यावर एखाद्या माणसाचा खांदा आणि अर्धी दाढी. कुणाच्या तरी घरात हा पेला वाइनने भरलेला होता. काही तुकड्यांवर ग्रीक लिपीत देवाला वाहिल्याची अक्षरं खरवडलेली सापडली आहेत. म्हणजे माल उतरवून निघून जाणारे ग्रीक नव्हते, इथे थांबून नवस फेडणारेही होते. एट्रस्कन, ग्रीक आणि स्थानिक व्हेनेती असे तिन्ही लोक एका धक्क्यावर वावरत होते. ग्रीस आणि भूमध्य समुद्राकडून मडकी, वाइन, तेल यायचं. पोच्या खोऱ्यातलं धान्य आणि उत्तरेकडून आलेला अंबर, म्हणजे दागिन्यांत वापरतात ती दगडासारखी झालेली पिवळी राळ, इथून बाहेर जायचा.

मग रथाच्या थडग्याकडे या. इथे घाई करू नका. १९३८ मध्ये कनाल बियांकोचं खोदकाम चालू असताना हे थडगं सापडलं. काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाची सुरुवात. दोन चाकांचा रथ आणि घोड्यांचे तीन सांगाडे. रथाचं लाकूड कधीच कुजून गेलं, चाकांच्या लोखंडी धावा तेवढ्या उरल्या. बैलगाडीच्या चाकावर लोहाराने धाव चढवताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ती गंजलेली कडी लगेच ओळखू येतील. दोन घोडे रथाला जुंपायचे आणि तिसरा स्वारीचा. तिघांनाही रथाबरोबर पुरलं होतं. हाडांकडे वाकून पाहिलं की पाय दुमडलेले दिसतात आणि मान कशी पडली तेही. तेव्हा पोच्या खोऱ्यात गॉल टोळ्या घुसल्या होत्या, आद्रियाचा भरभराटीचा काळ मागे पडत होता, तरी कुणाकडे तरी एवढी श्रीमंती शिल्लक होती.

तिसरं, एक दगड. दिसायला साधा, म्हणून चुकतो. हा व्हिया पोपिलियाचा मैलाचा दगड आहे. त्यावर रस्ता बांधणाऱ्या पुब्लियुस पोपिलियुस या कॉन्सलचं, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचं, नाव आणि ८१ हा आकडा रोमन अक्षरांत कोरलेला आहे. रिमिनीपासून एक्याऐंशी रोमन मैल. घरी नकाशावर ओढलेली दुसरी रेषा इथे हाताशी येते.

शेवटी काच. पहिल्या शतकातल्या रोमन काचेचा इथला संग्रह उत्तर इटलीतल्या उत्तम संग्रहांत मोडतो. त्यात एन्नियॉन या कारागिराची सही असलेला पेला शोधा. जवळच्या कवार्झेरे गावी तो सापडला. एन्नियॉन हा सिडॉनकडचा, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचा नावाजलेला काचकार. साच्यात काच फुंकून तो भांडी करायचा आणि साच्यातच स्वतःचं नाव कोरून ठेवायचा. पूर्व किनाऱ्यावरून निघालेला पेला पोच्या दलदलीतल्या एका घरात पोचला, दोन हजार वर्षं टिकला. बंदर म्हणजे काय हे त्या पेल्याइतकं कशानेच कळत नाही.

जाता जाता दोन गोष्टी, कारण म्युझियममध्ये उभं असताना त्या आठवल्या की मजा येते. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवर लिहिताना आद्रियाच्या कोंबड्यांचा उल्लेख केलाय : अंगाने लहान, पण रोज अंडी देणाऱ्या. आणि मोठमोठ्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या चौकाला आपण आज एट्रियम म्हणतो तो शब्द रोमनांनी आद्रियाच्या एट्रस्कनांकडून घेतला, असं व्हॅरो हा रोमन विद्वान सांगतो.

दुपार : जेवण आणि कालवा

साडेबारानंतर दुकानं बंद व्हायला लागतात आणि साडेतीन-चारपर्यंत गाव झोपतं. जेवण त्याआधी ठरवून ठेवा, दोननंतर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं.

मासे खाणाऱ्याला हा मुलूख स्वर्ग आहे. ईल, म्हणजे आपल्याकडची अहिर किंवा वाम, याला इथले लोक बिझातो म्हणतात आणि निखाऱ्यावर भाजतात. स्कार्दोव्हारीच्या खाडीतल्या काळ्या शिंपल्यांना २०१३ मध्ये युरोपचं भौगोलिक संरक्षण मिळालं. त्रिभुज प्रदेशातल्या तांदळालाही असंच मानांकन २००९ मध्ये मिळालंय, तेव्हा रिझोत्तो मागवाच. कोकणातल्या माणसाला भात आणि तिसऱ्यांचं हे जेवण परकं वाटणार नाही. शाकाहारी असाल तर पोलेंता (मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा), भाजलेला रादिक्यो (लालसर, कडवट पानभाजी), भाजीचा रिझोत्तो मिळतो. फक्त एक गोष्ट आवर्जून विचारा : रिझोत्तोत बहुतेक वेळा मांसाचं नाहीतर माशाचं पाणी घालतात. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ हे वाक्य कागदावर लिहून दाखवलं तरी चालतं. त्याचा अर्थ मांस नको, मासे नको, मांसाचं पाणीही नको.

मग कालव्याकाठी चाला. गावातून पाणी वाहतं आणि घरं पाण्याकडे तोंड करून उभी आहेत, त्यामुळे जुन्या बंदराची कल्पना करायला हीच जागा बरी. कॅथीड्रल पाहा. नव्या कॅथीड्रलला लागून जुनं आहे आणि त्याच्या तळघरात जुन्या भित्तिचित्रांचे अवशेष आहेत. तळघर बंद असेल तर आत कुणाला तरी विचारा. दुसरं चर्च सांता मारिया अस्सुंता, त्याला गावात ‘तोंबा’चं चर्च म्हणतात. वेळ असेल तर एका नावाची पाटी गावात शोधा : लुइजी ग्रोतो, ‘आद्रियाचा आंधळा’. सोळाव्या शतकातला हा कवी आणि नाटककार जन्मानंतर थोड्याच दिवसांत दृष्टी गमावून बसला. व्हिचेन्झातलं प्रसिद्ध तेआत्रो ओलिंपिको १५८५ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या नाटकात अंध ईडिपस राजा म्हणून तोच रंगमंचावर आला होता.

कालव्याकाठी कुणी म्हातारं माणूस बोलायला मिळालं तर १९५१ विचारा. त्या वर्षी १४ नोव्हेंबरला ओक्योबेल्लोजवळ पोचे बांध फुटले आणि पोलेझिनेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आद्रियाही. सुमारे शंभर माणसं गेली, त्यातली बहुतेक एका ट्रकमधून जीव वाचवायला निघालेली होती. पावणेदोन लाखांहून जास्त लोक बेघर झाले आणि कित्येक कायमचे मिलान-तोरिनोकडे निघून गेले. पानशेतच्या पुरानंतरचं पुणं ज्यांनी ऐकलंय त्यांना घराघरातली ही आठवण कशी असते ते सांगायला नको. चौकशी हळू आवाजात करा.

दुसरा दिवस : वाळूच्या टेकड्यांपासून समुद्रापर्यंत

सकाळी लवकर निघा. दक्षिणेकडे जाताना पो ओलांडावी लागते. पुलाच्या आधी थांबून बांधावर चढा. ६५२ किलोमीटर वाहत आलेली नदी आणि मागची शेतं एकाच नजरेत दिसतात. नदी वर आणि शेतं खाली. आजूबाजूची बरीच जमीन समुद्रसपाटीच्याही खाली आहे. तिचं पाणी पंप लावून सतत उपसावं लागतं. त्यातच विसाव्या शतकात इथे जमिनीतून मिथेन वायू काढला गेला. पाण्यासह वायू उपसल्यामुळे जमीन काही ठिकाणी दोन-तीन मीटर खचली. १९६१ मध्ये तो उपसा थांबवला, पण खचलेली जमीन वर आली नाही.

पहिला थांबा आरियानोजवळचं सान बाझिलियो, आद्रियाहून कारने साधारण अर्धा तास. इथे एट्रस्कन काळातला व्यापाराचा तळ सापडलाय, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीचा. समुद्रावरून येणारा माल आधी इथे, मग आत आद्रियाला. नंतर रोमनांनी व्हिया पोपिलियावरचा मुक्काम इथेच केला आणि पुढे सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातलं चर्च उभं राहिलं. छोटं माहिती केंद्र आहे, पण ते उघडं असण्याचे दिवस ठरलेले असतात, आधी चौकशी करा. बंद असलं तरी जुनं विटांचं चर्च बाहेरून पाहता येतं.

तिथूनच जुन्या वाळूच्या टेकड्या गाठा. फार अपेक्षा ठेवू नका. दोन-चार पुरुष उंचीचे उंचवटे, वर पाइन आणि ओक. पण बूट काढून पाय टेका. सगळीकडे चिकण काळी गाळाची माती आणि इथेच पायाखाली बारीक, कोरडी समुद्राची वाळू. अडीच हजार वर्षांपूर्वी लाटा इथे फुटत होत्या. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली ही सगळ्यात मोलाची पंधरा मिनिटं आहेत, आणि तिकीटही लागत नाही.

पुढे पूर्वेला का' व्हेंद्रामिन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं पाणी उपसण्याचं हे केंद्र आता म्युझियम आहे. उंच धुराडं लांबूनच दिसतं. इंजिनं आणि पंप पाहिले की ही जमीन माणसांनी रोजच्या रोज धरून ठेवली आहे हे पटतं.

शेवटचा टप्पा पोर्तो तोल्ले आणि स्कार्दोव्हारीची खाडी. वाटेत सांता जुलिया किंवा गोरिनोला होड्यांचा पूल लागतो. एकाला एक लावलेल्या होड्यांवर फळ्या टाकलेल्या असतात, गाडी जाताना त्या खडखडतात. थोडा टोल असतो, सुट्टी नाणी ठेवा. नदीला पाणी वाढलं की पूल बंद करतात, म्हणून पावसानंतर आधी विचारूनच निघा. खाडीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर एका बाजूला खांबांवर उभ्या कोळ्यांच्या झोपड्या, दुसऱ्या बाजूला भातशेती. बांध घालून मासे वाढवण्यासाठी राखलेल्या खाजणांना इथे व्हाल्ली म्हणतात. फ्लेमिंगो तिथेच दिसतील, दुर्बीण हवी. कोळ्यांशी बोलणं झालं तर निळ्या खेकड्याचा विषय निघतोच. अमेरिकेकडून आलेल्या या खेकड्याने २०२३ मध्ये तिसऱ्यांचं जवळजवळ सगळं पीक फस्त केलं आणि शेकडो कुटुंबांचा धंदा बसला. आता तोच खेकडा हॉटेलांच्या पाटीवर दिसतो. मिळाला तर जरूर खा, त्याने थोडा हातभारच लागतो.

तिसरा दिवस आणि चौथी सकाळ मिळाली तर : स्पिना

आद्रियाची जुळी बहीण म्हणजे स्पिना, पोच्या दक्षिणेकडचं दुसरं एट्रस्कन बंदर. ते शतकानुशतकं पुस्तकातच राहिलं. १९२२ मध्ये कोमाक्कियोजवळ व्हाल्ले त्रेब्बाची दलदल उपसताना थडगी लागली, आणि पुढच्या काही दशकांत चार हजारांहून जास्त निघाली. त्यातला ऐवज फेराराच्या पालात्सो कोस्ताबिलीतल्या म्युझियममध्ये आहे. आद्रियात तुकडे पाहिलेत, इथे तीच अथेन्सची मडकी अखंड, माणसाच्या कमरेएवढी, दालनामागून दालन. चिखलाने त्यांना हवेपासून वाचवलं. हा क्रम उलटा करू नका, आधी फेरारा पाहिलं तर आद्रिया फिकं वाटेल.

फेराराहून कोमाक्कियोला जाऊन रात्र काढा. कालव्यांचं गाव आहे, १६३४ चा त्रेपोंती हा पाच जिन्यांचा पूल आहे आणि तिथल्या म्युझियममध्ये मालासकट बुडालेलं एक रोमन जहाज आहे. सकाळी स्पिनाच्या शेतांवरून गाडी न्या. पाटी आहे, सपाट शेत आहे, पाण्याचे चर आहेत. ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने सन्मानाने नोंदवलेलं हे गाव त्याच्याच काळात खेडं होऊन बसलं होतं आणि समुद्र नव्वद स्टेडिया, म्हणजे सोळा-सतरा किलोमीटर, लांब गेला होता. दुपारच्या गाडीने बोलोन्या गाठायचं असेल तर फेराराला बाराच्या आत परत या.